चार बोटं खोल

एप्रिलचा दुसरा मंगळवार. चर्चच्या तळघरात
सत्तावीस खुर्च्या, माणसं अकरा.
कॉफी मात्र चाळीसजणांची,
मार्लिसला कमी करता येत नाही.

मी भिंतीवर आलेख टाकते.
साठ वर्षांचे वसंत एका निळ्या रेघेत:
चढते, घसरते, पुन्हा चढते,
पिऊन आलेल्या माणसानं घरची वाट धरावी तशी,
डगमगत, पण घराच्याच दिशेनं.
(ही उपमा मी कार्यालयात वापरत नाही.)

"सरासरी," मी म्हणते, "नऊ दिवस अलीकडं सरकलीय."
मागून ऑर्विल टेगन:
"ही सरासरी राहते कुठं?
माझ्या बांधावर कधी दिसली नाही.
माझ्याकडं येतात ती नुसती वर्षं,
एकेक करून,
आणि दरेकाचं डोकं वेगळं."
सगळे हसतात. मीही हसते.
तो चुकीचं बोलत नाहीये.

बाहेर तीन दिवस दक्षिणेचा वारा.
माणसांनी कोट गाडीतच सोडलेत,
बिटाच्या बियाण्याची खोकी शेडमध्ये उघडून ठेवलीत,
डॅकोटाच्या या सपाट पाटावर
क्षितिजापर्यंत कुणाचं तरी इंजिन गुरगुरतंय.
मी खिशातून तापमापक काढते,
सळईसारखा, टोकाला अजून सकाळची माती.
"सात वाजता, चार बोटं खोल: एकोणचाळीस.
ऊन आलंय. वाफसा नाही."
कुणी मान हलवत नाही. कुणी उठूनही जात नाही.

मग खुर्च्या मिटताना कळतं, एक मिटत नाहीये.
व्हर्ना हॉव्हलँड, चौऱ्याऐंशी वर्षांच्या,
मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत बियाणं कंपन्यांची जुनी कॅलेंडरं, सुतळीनं बांधलेली.
आईच्या अक्षरात, पेन्सिलीनं:
*लायलॅकचं पान उंदराच्या कानाएवढं. मे, चार.*
*लायलॅक फुललं. मे, एकोणतीस.*
*ऑस्कर चिखलात रुतला.*
*ऑस्कर पुन्हा रुतला.*
आई गेल्यावर अक्षर बदलतं,
झाड तेच.

"तुझ्या रेघेला उपयोग होईल का याचा?"

रात्री मी आकडे भरत बसते.
रेघ डावीकडं लांबत जाते, माझ्या जन्माच्या मागं,
आमच्या कार्यालयाच्या मागं,
आणि पुराच्या वर्षाशी येऊन थांबते.
आमची नदी उत्तरेला वाहते.
उगमाकडचा बर्फ आधी सुटतो,
आणि पुढं दार बंद असतं.
त्या मे महिन्याच्या पानावर काहीच नाही,
नुसता पाण्याचा तपकिरी डाग, कोपऱ्यापासून पंधरा तारखेपर्यंत.

मी फोन करते. "त्या वर्षी फुललं नव्हतं का?"
"फुललं असणार की.
बघायला आम्ही नव्हतो."

संगणक विचारतो: मोकळी जागा
शेजारच्या वर्षांवरून भरू का?
शहाणा आहे, बहुधा दोन-तीन दिवसांनीच चुकला असता.
नको, मी म्हणते.
राहू दे.

आठवड्यानं पहाटे ऑर्विलचा फोन.
खिडकीबाहेर बर्फ भुरभुरतंय, कुणालाही आश्चर्य न वाटता.
"तुझ्याकडं किती?"
"एक्केचाळीस."
"माझ्याकडं चाळीस. तुझा तापमापक थापाड्या आहे."
म्हणजे त्यानं विकत घेतला तर.
म्हणजे तोही गुडघ्यावर बसला
अंधारात, टॉर्च दातांत धरून.
मी काही बोलत नाही.
"थांबतो मग," तो म्हणतो. आणि फोन ठेवत नाही.
"ते लायलॅकचं पान केवढं झालंय, बघितलंस का?"

मी खिडकीशी जाते.
आमच्या मागं डांबराचं पार्किंग,
एक दिव्याचा खांब, एक मिठाची पेटी.
"माझ्याकडं झाड नाही, ऑर्विल.
व्हर्नाला विचार.
आठच्या आत कर, नंतर त्या कोंबड्यांत असतात."